रेडिएटरला लागलेली गोळी आणि बाबांचा पाय

दादाच्या विमानाला गोळी लागली की ते लगेच पडत नाही. याचाच त्याला अभिमान. घरी कुणी आलं की चहा व्हायच्या आत तो पाहुण्याला मागच्या खोलीत नेतो आणि विमान न पडण्याचा कार्यक्रम दाखवतो.

आमचं घर चौलच्या बाजूला, खाडीवरच्या कोळीवाड्यात. बाबा स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात. आय मासळी विकते, उरलेली सुकवते. दादा मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईला जाणाऱ्या कॅटामरान बोटींचे दोर बांधतो आणि सोडतो. मी संघटनेचं काम करते: मोर्चा, निवेदन, पत्रक. घरात सगळ्यात जास्त बोलते मी, आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं तेही माझंच.

ड्यूटी संपवून आला की दादा दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानात जाऊन बसतो. म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीतच. पण हातात दांडा, कानावर हेडफोन, आणि पायाखाली फळकुटांची दोन पेडलं. ती त्याने बोट दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून करून घेतली. सुतार आजही विचारतो, "पायलट, रजा कवा?"

मला हा कॉम्प्युटरवरचा खेळ पहिल्यापासून डोक्यात जातो. मी तसं तोंडावर बोलले पण.

"कोट्यवधी माणसं मेली रे त्या युद्धात. तू त्याचा टाइमपास करतोस?"

"मी मानसा मारीत न्हाय गं. मी डॅमेज मॉडेल तपासतो."

डॅमेज मॉडेल म्हणजे विमानाला मार बसल्यावर त्याचं नक्की काय होतं, याची खेळातली मांडणी. दादा म्हणतो, जुन्या खेळांत विमानाला शंभर मार्क असायचे. गोळी लागली की दहा गेले. पाच मार्कांवर आलेलं विमान शंभरवाल्यासारखंच वळायचं, तसंच चढायचं, आणि शून्य झालं की फटाका. तो याला शाळेची परीक्षा म्हणतो: पस्तीसला पास, चौतीसला नापास, मधे माणूस नाही. आता नव्या खेळात आतलं एकेक हाड वेगळं आहे. पंख पेलणारी मुख्य तुळई, शेपटीकडे जाणाऱ्या तारा, इंधनाच्या टाक्या, इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर. तार तुटली तर इंजिन झकास, पण नाक वर होत नाही. तुळईला तडा गेला तर सरळ उडताना पत्ताच लागत नाही. जोरात वळलं की पंख गळून पडतो. जगभरातली माणसं फोरमवर यावरून भांडतात. दादाही भांडतो, जेट्टीवर शिकलेल्या इंग्रजीत. एकदा कुणा परदेशी माणसाशी त्याचं आठवडाभर जुंपलं होतं, की अमुक तोफेचा गोळा शेपटीत शिरला तर शेपूट तुटावं की नुसतं भोक पडावं. हा रोज एक विमान मैदानात उभं करायचा, दुसऱ्यातून त्याच्यावर गोळ्या झाडायचा, भोकं बघायचा आणि फोटो चढवायचा.

"एवढी चिकाटी मच्छीमार सोसायटीच्या सभेत दाखव ना," मी म्हटलं.

"सभेत भोकं बघू देतात का कोन?"

हिशेबातली भोकं सोसायटीत खरंच बघू देत नाहीत.

बाबांना मात्र हा खेळ आवडायचा. संध्याकाळी जाळ्याची सुई घेऊन ते मागच्या खोलीत पालथ्या टपावर बसायचे आणि फाटकं जाळं सांधता सांधता पडद्याकडे बघायचे. कुणाचं विमान, कुठला देश, कशाशी देणंघेणं नाही. त्यांना फक्त इंजिनाशी काम. रेडिएटरला गोळी लागली की विमानामागे बारीक पांढरी रेघ यायला लागायची. बाकी सगळं जिथल्या तिथे. वेग तोच, आवाज तोच.

"पानी गेला त्याचा," बाबा म्हणायचे. "आता तापंल. उतर खाली."

"बाबा, समोरचा सापडलाय. आजून चाललाय ना इंजिन."

"चाललाय त्येच सांगतो. बंद पडल्यावर काय उतरनार तू? हावऱ्या!"

आणि थोड्या वेळाने इंजिन धरायचं, पंखा थांबायचा, आणि दादाचं विमान कुठल्या तरी समुद्रात जायचं. बाबा सुई खाली ठेवून हसायचे. त्यांच्या बोटीचं असंच झालं होतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत ओढतात, त्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली. मीटर चढत गेला, पण जाळं भरलेलं होतं म्हणून बाबा थांबले नाहीत. दुसऱ्या बोटीने बांधून आणलं. तेव्हापासून मीटर जरा हलला तरी बाबा जाळं टाकून परत फिरायचे. किनाऱ्यावर लोक त्यांना भित्रा तांडेल म्हणायचे, आणि ते ऐकून बाबांना बरं वाटायचं.

दादाची फक्त एक तक्रार होती. "विमानाचा एकेक स्क्रू केलाय भाड्यांनी," तो म्हणायचा, "पन आतल्या मानसाला तीनच गती. बरा, जखमी, मेला. बास."

"युद्ध करणाऱ्यांना माणसाचं काय पडलंय?" मी लगेच. मला मुद्दा मिळाला होता.

"तसा न्हाय गं. मानूस करायला कठीन जातो."

ज्या दिवशी बाबांना शिंगाळ्याने मारलं त्या दिवशी मी पुढच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. पत्रक आमच्या आरोग्य केंद्राचं होतं. डॉक्टरची जागा रिकामी, ती भरा. शिंगाळा म्हणजे मिशावाला मासा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बगलांत करवतीसारखा काटा असतो आणि त्या काट्याला विष. बंदरावर मासळी निवडताना तो बाबांच्या तळव्यात घुसला, रबरी चप्पल फोडून.

आमच्याकडे याचं औषध ठरलेलं आहे. सोसेल तेवढं गरम पाणी, त्यात पाय. पाणी निवलं की दुसरं. शिंगाळ्याचा ठणका असा की दणकट गडी रडतो, मांडीपर्यंत कळ चढते. म्हणून कोळीवाड्यात जखम कशी आहे असं कुणी विचारत नाही, विचारतात ठणका गेला का. ठणका आहे तोवर विष आहे. ठणका गेला, विष गेलं, बोट समुद्रात काढा. पिढ्यान्‌पिढ्या हेच मोजमाप, आणि ते खोटंही नाही.

आयने पाणी तापवून टपात ओतलं. बाबांनी पाय बुडवला आणि बसले, हौदावर बसल्यासारखे.

"सोसतो ना?" आयने विचारलं.

"आजून गरम टाक. हा काय कोमट हाय."

आयने उकळतं ओतलं. ढवळायला हात घातला आणि चटकन मागे घेतला. बाबा पाय हलवेनात. बघायला आलेल्या शेजारच्या काकांनी तोंडात बोट घातलं.

"तांडेल, ठणका?"

"लागलाच न्हाय."

"अरं तिच्या! पाय हाय का खडक?"

सगळे हसले. बाबाही हसले. आयच्या तोंडावर तर अभिमानच होता, नवऱ्याने शिंगाळा पचवला म्हणून. दोन दिवसांनी बोट निघाली तेव्हा सुकाणूवर बाबाच होते.

बाबांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळायच्या, आठवण झाली की ते घ्यायचे. तीनेक वर्षं त्या गोळ्या मिळत होत्या, आणि त्या सगळ्या काळात एकाही माणसाने त्यांना चप्पल काढायला लावून तळव्याला बोट लावून विचारलं नव्हतं की हे कळतंय का. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा आमच्या पत्रकात ते नव्हतं. पत्रकात रिक्त पद होतं.

पुढचे दिवस मी जिल्ह्याच्या ठिकाणी धरण्यावर बसले होते. घरात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत होता. अंगणात, ओट्यावर, पुढच्या खोलीतल्या चटईवर, जिथे तिथे जवळा. त्या वासात दुसरा कुठला वास कळत नाही. आयला मात्र कळला. मी परत आले तेव्हा ती चटईवरचा जवळा हातात घेऊन हुंगत होती, खाली टाकत होती, पुन्हा दुसरा उचलत होती.

"हा सुकटीचा वास न्हाय," ती म्हणाली. "खय काय मेलाय घरात?" तिने उंदीर शोधला. माळा झाडला.

दादाला वेगळंच दिसलं. त्या संध्याकाळी बाबा मागच्या खोलीत आले आणि टपावर बसले. येताना लादीवर प्रत्येक उजव्या पावलाचा एक ओला ठसा उमटला होता. डाव्याचा नाही. दाराकडून टपापर्यंत ओळ. दादाचं विमान हवेत होतं. त्याने हेडफोन काढला, ठशांकडे बघितलं, आणि विमान तसंच सोडून खाली बसला.

"बाबा, पाय वर करा."

"काय न्हाय झाला. ठणकत न्हाय."

"म्हनून तर सांगतो. वर करा."

"अरे मीच सांगतो ना, ठणकत न्हाय! तुला माज्यापक्षा जास्ती कळतो?"

दादाने बाबांची पोटरी धरली आणि पाय उलटा केला. मी दारातून बघितलं. मी ते इथे लिहिणार नाही. आय मागून आली, आणि तिला उंदीर कुठे मेलाय ते कळलं.

"इंजिन तापलाय, बाबा," दादा म्हणाला. "मीटर बंद पडलाय तुमचा. साखरेनं बंद पाडलाय. पानी गेलाय आन तुमी म्हनता चाललाय ना, चाललाय ना."

"तो विमान हाय. हा पाय हाय."

"मंग उतरा ना खाली! मला सांगता ना, उतर म्हनून!"

पडद्यावर दादाचं विमान सरळ उडत होतं, कुणी न चालवता.

सकाळी रिक्षा करून आरोग्य केंद्रात गेलो. मला माहीत होतं डॉक्टर नाही. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, मी त्यावर छापून आणलं होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत कागदाची घडी कोंबली होती, आणि ती घडी आमच्या पत्रकाची होती. सिस्टर एकटी. तिने पाय बघितला, तोंडावर हात नेला, आणि मला ओळखून म्हणाली, "ताई, तुमचं सगळं बरोबर आहे हो. पण मी काय करू ते सांगा." मी रागाने गेले होते. राग काढायला समोर फक्त तीच होती, आणि ती तर माझ्याच बाजूची. तिने धुतलं, बांधलं, वर चिठ्ठी लिहिली. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते सोडलं, बघितलं, पुन्हा बांधलं आणि मुंबईला न्यायला सांगितलं.

मांडव्याला दादाच्या सोबतच्या पोरांनी बाबांना खुर्चीसकट उचलून कॅटामरानमध्ये ठेवलं. दोर दुसऱ्याने सोडला. दादा पहिल्यांदाच त्या बोटीत प्रवासी म्हणून बसला होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आय सारखी बाबांच्या पायावरचं फडकं सारखं करत होती. बाबा पाण्याकडे बघत होते, वारा कुठला, भरती किती. मग मधेच म्हणाले,

"तुज्या विमानात मानसाचा काय दाखवतात?"

"कंचा मानूस?"

"आतला. चालवनारा."

दादाने माझ्याकडे बघितलं. "तीनच हायत. बरा, जखमी, मेला."

"मंग मी कंचा?"

मी म्हटलं, "जखमी, बाबा."

"हां. मधला." त्यांनी मान डोलावली. "बरा हाय. पार खालचा न्हाय."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पाय बराच वेळ बघितला. आधी बाबांचे डोळे मिटायला लावून तळव्याला, बोटांना, घोट्याला कापूस लावत गेल्या. कळतंय? न्हाय. इथे? न्हाय. पोटरीच्या मध्यावर बाबा म्हणाले, हां. तेवढी साधी गोष्ट. कापसाचा एक बोळा. मग त्यांनी विचारलं, "काट्याचं भोक हे इथं आहे. पण सगळा तळवा भाजलाय. हे कशानं?"

आयच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

दादाने सांगितलं. पाणी.

"गरम पाणी बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "त्या विषाला गरम पाणीच लागतं. फक्त पायाला कळायला पाहिजे होतं."

मी इतकी वर्षं पत्रकं लिहिते. पत्रकाला एक गुन्हेगार लागतो. त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. इथे मी कुणाचं नाव घालू? आयचं? शिंगाळ्याचं? जागा रिकामी ठेवणाऱ्यांचं घालते, आणि ते खरंच आहे, मी ते पुन्हा छापीन. पण डॉक्टर असता तरी बाबा गेलेच नसते. ठणकत नव्हतं.

पाय वाचवायचा प्रयत्न झाला. आधी बोटं गेली. मग बाई म्हणाल्या, वर चढतंय. बाबांनी नाही म्हटलं. तांडेल सुकाणूवर उभा असतो, बसून बोट चालत नाही, पाय नसेल तर मला घरी न्या. आयने पाया पडून बघितलं, मी भांडून बघितलं. मला वाटलं होतं भांडणं तरी मला येतं. शेवटी दादा खाटेशी गेला आणि इतकंच म्हणाला, "हावऱ्या." बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग सही करायला हात पुढे केला. गुडघ्याच्या खाली कापला.

आता बोट दुसऱ्याच्या हातात आहे. बाबा घरी आहेत. संध्याकाळी कुबड्या घेऊन मागच्या खोलीत जातात. टप उंचीला कमी पडतो म्हणून खुर्चीवर बसतात.

दादाने फोरमवर लिहिलं होतं. मला वाचून दाखवलं, इंग्रजी बरोबर आहे का म्हणून. विमानातल्या माणसाला मार लागला तरी कधी कधी त्याला कळत नाही, तो उडत राहतो, आणि मग एकदम संपतो. तर असं काही खेळात करता येईल का. उत्तर आलं. सभ्य होतं. सूचना चांगली आहे, नोंद घेतली आहे, सध्या चाकांचं काम चालू आहे. मला हसू आलं. आमच्या निवेदनांना हेच येतं, फक्त खाली शिक्का असतो.

परवा दादा उडत होता आणि बाबा बघत होते. विमानामागे पांढरी रेघ आली. बाबा काही बोलले नाहीत. दादाने वाट बघितली असावी. मग स्वतःच वळला, लढाई टाकून परत फिरला आणि मैदानावर उतरला. पंखा थांबला.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता काय न्हाय. दुसरा विमान मिलतो."

"लगीच?"

"लगीच."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी दात आवळले आणि खुर्चीचा दांडा धरला.

"काय झाला?" आय स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ठणकतोय."

"कंचा?"

"गेलेला. तळव्यात. जिथं घुसला व्हता तिथंच."

डॉक्टरीण बाईंनी सांगून ठेवलं होतं की असं होतं, कापलेला पाय दुखतो, गोळी द्या. दादा गोळी शोधायला उठला. पण आयच्या हाताला ते कुठे माहीत? शिंगाळ्याचा ठणका म्हटल्यावर तिने पाणी चढवलं होतं. ती वाफाळतं भांडं घेऊन आली, पायाने टप सरकवला, त्यात ओतलं, आणि भांडं हातात धरून उभी राहिली. बाबांच्या उजव्या बाजूला बुडवायला काही नव्हतं.

बाबांना तिची दया आली असावी. त्यांनी लुंगी वर केली आणि डावा पाय टपाकडे नेला.

"थांबा!" दादा ओरडला.

मीच पुढे होते. मी पाण्यात हात घातला आणि ओरडून काढला. बाबांचा पाय हवेत तसाच होता, टपाच्या वर, टाच खाली करून. दादाने तो दोन्ही हातांनी धरला आणि हळू जमिनीवर ठेवला. मग आम्ही चौघं त्या टपाभोवती बसून राहिलो, पाणी निवायची वाट बघत.